भाड्याची मोटार, स्टिअरिंग आपल्या हाती

मैत्रिणींनो, भाड्याची गाडी म्हटली की सोबत ड्रायव्हर आलाच, असं आपण धरून चालतो. पण १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेनुसार स्वतः चालवायलाही मोटार भाड्याने मिळते. तिची नंबरपाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी घेऊ नका. अपघात झाला तर विम्याची भरपाई अडू शकते. आधीचे ओरखडे मालकासमोरच फोटोत टिपून ठेवा.

जानेवारीत पुण्याहून श्रीगोंदा, पुढे पेडगावचा किल्ला पाहायला आम्ही चाकणला बनणारी मर्सिडीज सी-क्लास घेतली. चालवली मीच! पाय नुसता टेकवला की पळते, वळणावर रस्ता सोडत नाही. पण आपल्या मारुतीत उजवीकडे इंडिकेटरची दांडी, हिच्यात तिथे गिअर! म्हणून निघण्याआधी दहा मिनिटं उभ्या गाडीतच हाताला सवय केली. गाडी बुटकी, तेव्हा गतिरोधकावर अगदी सावकाश. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. दिवस मावळण्याआधी मुक्काम गाठावा.

सासूबाई मागे पट्टा बांधून ऐटीत बसल्या होत्या. कपाटातलं लायसन्स काढा बाई आता बाहेर!