आधी चेंडू

पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहून नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी त्यांना उपदेश केला नाही, चेंडू दिला. २००१मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू झालं. त्यावर बेतलेला ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट पाहणाऱ्यांना अमिताभच जास्त आठवतो, ते असो. आम्हाला आठवतो तो अखिलेश पॉल. याच फुटबॉलमुळे गुन्हेगारीतून बाहेर पडून २०१०मध्ये रिओतल्या होमलेस वर्ल्ड कपला तो भारताचा कर्णधार झाला, पुढे प्रशिक्षक झाला आणि आपला भूतकाळ त्यानं टीव्हीवरही लपवला नाही. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग हल्ली गल्लोगल्ली आहेत. पण सतरा वर्षांच्या पोराला चकचकीत वक्त्यापेक्षा असा दादा लवकर पटतो. या अंकात अशाच ताई-दादांना आम्ही लिहितं केलं आहे.