नंबर सोबत येतो, नाडीची नोंद का नाही?

जानेवारी २०११पासून देशभर मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. आरोग्याच्या नोंदींना ही सोय नाही. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला, तर संपर्क आणि छायाचित्रे नव्या फोनवर येतात. ॲपल वॉच मात्र त्याला जोडलेच जात नाही. उलट बाजूलाही तेच. २०२१पासूनची गॅलेक्सी वॉच आयफोनशी जुळत नाहीत. नाडी, झोप, ईसीजी यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी मागे राहतात. नाडीचा एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही. काही महिन्यांतला बदल डॉक्टरांच्या कामाचा असतो.

युरोपात २०१८पासून आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात मागण्याचा हक्क आहे. भारताच्या २०१९च्या विधेयकात तो होता, २०२३च्या कायद्यात उरला नाही. तो परत यायला हवा. शरीर रुग्णाचे, तर नोंदही त्याचीच.

तोवर जुना आयफोन विकण्याआधी हेल्थ ॲपमधून सर्व नोंदींची फाइल आणि ईसीजीची पीडीएफ काढून ठेवावी. फोन पुसल्यावर हळहळून उपयोग नाही.