दुकान वडिलांचं नसेल तर?

बाजारपेठेतल्या जुन्या घराण्याच्या दुकानाला जाहिरात फारशी लागत नाही. आजोबांनी जोडलेलं गिऱ्हाईक, ठोक व्यापाऱ्याकडची उधारी, नात्यागोत्यातल्या लग्नांच्या ऑर्डरी, हेच त्याचं मार्केटिंग. गल्ल्यावर मुलगा बसतो, त्याचा पगार हिशेबात धरत नाहीत. मग नफा दिसतोच!

आपले बहुतेक धंदे पहिल्या पिढीचे, अनेकदा मित्रांनी भागीदारीत काढलेले. इथे विश्वास शून्यापासून कमवावा लागतो, आणि काही ठिकाणी आडनाव कळताच गिऱ्हाईक परत फिरतं. एक फायदा मात्र आहे: मोठ्या काकांना विचारून इन्स्टाग्राम उघडावं लागत नाही.

२०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेने १० लाख ते १ कोटीच्या कर्जाची सोय केली, गिऱ्हाईकाची नाही. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात मंत्रालयं आणि सरकारी कंपन्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करायची आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी करून निविदा भरणारे आपल्यात किती?

दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर आपण स्टॉल लावतो. दोन दिवसांत माल खपतो, पण घेणाऱ्याचा मोबाइल नंबर क्वचितच कुणी लिहून घेतं. वर्षभर टिकलं असतं ते गिऱ्हाईक रात्रीच्या गाडीने गावी निघून जातं.