यंत्र आले, व्यवस्था केव्हा येणार?

आदिलाबाद जिल्ह्याचे अर्थकारण कापसावर उभे आहे, हे येथील लहान मुलासही सांगावे लागत नाही. घरातील लग्नकार्य असो, सावकाराचे देणे असो की आम्हां विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असो, साऱ्यांची तोंडे कापसाच्या पट्टीकडे लागलेली असतात. म्हणूनच त्या कापसाच्या विक्रीची रीत बदलते तेव्हा तो केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही. तो घराघराचा प्रश्न होतो.

अशी रीत 2025-26 च्या हंगामात बदलली. हमीभावाने कापूस घेणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ या नावाचे मोबाइल अॅप काढले. आधार क्रमांक व जमिनीची नोंद यांच्या आधारे शेतकऱ्याने त्यात आपले नाव नोंदवावे, कापूस आणण्याची तारीख आगाऊ निश्चित करावी आणि पैसे थेट आपल्या बँक खात्यात घ्यावेत, अशी ती योजना. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये व मध्यम धाग्याचा 7,710 रुपये होता. अर्थात मोबाइलमध्ये तारीख मिळणे वा न मिळणे यावर गाडीमागे हजारो रुपयांचा फरक अवलंबून राहू लागला.

या बदलास सरसकट विरोध करणे आम्हांस मान्य नाही. बाजाराच्या आवारात गाड्यांची रांग लावून थंडीत रात्र काढणे, शेतकऱ्याच्या नावावर दुसऱ्यानेच माल खपवणे, पैशासाठी खेटे घालणे, या गोष्टी काही सुखाच्या नव्हत्या. तारखेने रांग सुटू शकते व खात्याने मधला हात टळू शकतो. प्रश्न यंत्र हवे की नको हा नव्हेच. यंत्र आणल्यावर संस्थेने आपली घडी बदलली की नाही, हा खरा प्रश्न आहे.

या विषयावर जगात पुष्कळ संशोधन झाले आहे. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी 1990 साली एक मार्मिक तुलना मांडली. अमेरिकेत 1882 च्या सुमारास वीजकेंद्रे सुरू झाली. परंतु कारखान्यांच्या उत्पादनात त्यांचा लाभ ठळकपणे दिसू लागला तो 1920 नंतर. मधली चाळीस वर्षे कोठे गेली? कारखानदारांनी वाफेच्या यंत्राच्या जागी विजेची मोटार बसवली, पण छताखालून फिरणारे जुने दांडे व पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्रास स्वतःची मोटार देऊन कामाची मांडणीच नव्याने केली, तेव्हा कोठे विजेने फळ दिले. संगणकाचेही असेच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आपल्या मराठी मुलखातील वारणेचे उदाहरण याहून बोलके आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा साखर कारखान्याच्या परिसरात सुमारे 70 गावांसाठी 1998 साली संगणकांची योजना सुरू झाली. गावोगावच्या केंद्रांतून शेतकऱ्याला पीकपाणी, बाजारभाव, सारे काही कळावे अशी मोठी आकांक्षा होती. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, केंतारो तोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. शेतकरी केंद्रावर येई तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले, आपल्या नावे खत किती पडले एवढेच विचारण्यास. आणि संगणकांची देखभाल तर जड जात होती. तेव्हा त्यांनी काही गावांत साध्या मोबाइलच्या लघुसंदेशावर तेच काम करून पाहिले. ते स्वस्त पडले व लोकांनाही सोयीचे वाटले. माणसे कशासाठी येतात हे आधी पाहिले आणि मग यंत्र ठरवले, यातच त्या प्रयोगाचे मर्म आहे.

योग्य मांडणी झाली तर लाभही होतो. मध्य प्रदेशात 2000 सालापासून आयटीसी कंपनीने ‘ई-चौपाल’ या नावाने गावोगावी संगणक ठेवून सोयाबीनचा भाव शेतकऱ्यांना घरबसल्या कळवण्यास आरंभ केला. अपराजिता गोयल यांच्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे तेथील मंडयांतील सोयाबीनचा भाव सरासरी 1 ते 3 टक्क्यांनी चढला. परंतु तेथे केवळ संगणक नव्हता. गावचाच एक शेतकरी संचालक म्हणून जबाबदार होता, आणि कंपनीच्या केंद्रावर मालाचे वजन चोख होत होते. यंत्राच्या मागे माणूस होता व माणसाच्या मागे व्यवस्था होती.

आता या कसोटीवर आपला जिल्हा पाहू. जैनद, बेला, तामसी, भीमपूर या पैनगंगेच्या बाजूच्या मंडलांत कित्येक घरी मराठी बोलतात, शेजारच्या गुड्यात गोंडी चालते आणि सरकारी कागद तेलुगूत येतो. त्यातच जो दुसऱ्याची जमीन बटईने कसतो त्याच्या घामाची नोंद जमिनीच्या कागदात सापडत नाही. आणखी एक अडचण निसर्गाची आहे. कापसात 8 टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांवर माल नाकारला जातो. आदिलाबादची थंडी व दव प्रसिद्धच आहे. तारीख आठवड्यापूर्वी ठरते, पण कापूस तारखेप्रमाणे वाळत नाही. गाडी परत फिरली म्हणजे भाडे अंगावर पडते आणि खाजगी व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो.

यास्तव आमचे म्हणणे थोडके आहे. प्रत्येक गावी ग्रामपंचायतीत नोंदणीस साह्य करणारा एक जबाबदार मनुष्य असावा, आणि त्याचे नाव फलकावर असावे. तारखेचे व रकमेचे संदेश तेलुगूबरोबर मराठीतही यावेत व गोंडीत आवाजाने ऐकवावेत. पाऊस वा दव पडल्यास तारीख विनासायास बदलता यावी. ओलावा मोजण्याची सोय गावातच असावी, म्हणजे गाडी जुंपण्यापूर्वीच निर्णय होईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किती लोकांनी नाव नोंदवले यावर समाधान न मानता किती गाड्या परत गेल्या व का, याचा हिशेब प्रत्येक केंद्राने जाहीर करावा. जो आकडा मोजला जात नाही, तो सुधारतही नाही.

आम्हां विद्यार्थ्यांचेही कर्तव्य आहे. पुष्कळ घरांत वडिलांच्या हातातील मोबाइल शेवटी मुलांच्याच हाती येतो. अशा वेळी नुसते बटण दाबून मोकळे होऊ नये. काय नोंदवले, कोणती तारीख मिळाली, किती रक्कम येणार, हे त्यांना मराठीत समजावून सांगावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. ज्या व्यवहाराचा अर्थ घरच्या माणसांना कळत नाही, तो मोबाइलवर झाला काय आणि दलालाच्या वहीत झाला काय, परावलंबन तेच. शाळेने आम्हांस अक्षरे दिली ती अशाच वेळी घरच्यांच्या उपयोगी पडावीत.