डिग्री म्हणजे निदान नव्हे

मला ऑटिझम असावा, तपासून घ्यायचंय, असं नगरला अम्मी-अब्बांना सांगितलं. उत्तर आलं : "इंजिनीअर झालास, नोकरी करतोस, तुला कसला ऑटिझम? निकाह झाला की ठीक होशील."

यात माया आहे, तर्क नाही. ऑटिझम ही मेंदूची जन्मजात घडण आहे. ती डिग्रीने पुसली जात नाही, तावीजने उतरत नाही आणि लग्नाने तर नाहीच. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या कायद्याने 21 अपंगत्वांत त्याला जागा दिली. आपली घरं कधी देणार? "बहिणीच्या स्थळाचं काय?" म्हणत निदान दडपून निकाह लावणं ही दोन्ही घरांची फसवणूक आहे. मुलं बोलतील तेव्हा उलटतपासणी नको. मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत चला.