साप्ताहिक कोण काढणार?

वृत्तपत्रांत आमचे नाव दंगल आणि तलाक यांखेरीज येत नाही, ही आमची जुनी तक्रार. ती खरी आहे. पण पुढे काय?

नगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटलांचे ‘दीनमित्र’ साप्ताहिक निघे. १९१० साली सुरू केलेले हे सत्यशोधकी पत्र त्यांनी १९६७ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. शेटजी-भटजींच्या पत्रांत शेतकऱ्याला जागा नव्हती. त्यांनी ती मागितली नाही, पत्रच काढले.

आम्ही १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवले. आता वर्षाला एक अंक काढून मोकळे होतो. मोहल्ल्यातली शाळा, वक्फची जमीन, बागवानाचे कर्ज यांची दखल आठवड्याला घ्यावी लागते. लग्नाच्या मंडपावर उधळतो, त्यातला वाटा वर्गणीला का नाही?