चालत्या गाड्याला खीळ कशाला?

मंडळी, आज पाणीपट्टी आणि खड्डे बाजूला ठेवून जरा लांबचं बोलतो. पण मुद्दा पैशाचाच आहे.

सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवर 'एनजीसी ६२४०' आहे. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतायत, सगळा धुळीचा कल्लोळ. २००२ साली नासाच्या 'चंद्रा' या क्ष-किरण दुर्बिणीनं त्या धुळीआड दोन सक्रिय कृष्णविवरं पकडली, एकमेकांपासून साधारण ३,००० प्रकाशवर्षांवर. एकाच दीर्घिकेत अशी जोडी असल्याचा तो पहिला पुरावा.

कृष्णविवर स्वतः दिसत नाही. पण दीर्घिका भिडल्या की वायू मध्याकडे ओढला जातो, आत पडता पडता प्रचंड तापतो आणि क्ष-किरण फेकतो. साधा प्रकाश धुळीत अडकतो, जोरकस क्ष-किरण आरपार येतात. दवाखान्यात हाड दिसतं ना, तसंच! मात्र आपलं वातावरण हे किरण अडवतं, म्हणून दुर्बीण अंतराळातच लागते. दुसरा मार्ग नाही.

आणि २०२४ च्या मार्चमध्ये याच 'चंद्रा'चं वार्षिक बजेट ६.८ कोटी डॉलरवरून ४.१ कोटींवर आणायचा प्रस्ताव आला. कारण काय, तर १९९९ पासूनची दुर्बीण, जुनी झाली, तापमान सांभाळणं अवघड जातंय. अहो, अडचण खरी आहे, मान्य. पण तिच्याइतकं बारीक क्ष-किरण चित्र देणारी दुसरी दुर्बीण आज आकाशात नाही. नवीन बैल दावणीला येण्याआधी जुना विकणारा शेतकरी शहाणा म्हणायचा का?

'आपल्याला काय त्याचं?' असं कुणी विचारेल. तिचं नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून आहे, हे एक. दुसरं, २०१५ साली गेलेल्या आपल्या 'ॲस्ट्रोसॅट'च्या क्ष-किरण उपकरणांमागे मुंबईच्या टीआयएफआरचे हात आहेत, पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे. असली यंत्रं बनवायला वर्षानुवर्षं लागतात, बंद करायला एक सही पुरते. उद्या हाच हिशेब आपल्याकडेही लागू शकतो.

माझं म्हणणं एवढंच. चंद्रा आणि ॲस्ट्रोसॅट, दोन्हींच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांनी बी.एस्सी.च्या पोरांना त्या उघडून दाखवाव्यात. वापरणारे वाढले, तर बंद करताना हात थरथरेल.

पटलं तर ओळखीच्या फिजिक्सच्या सरांना, मॅडमना पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू.